मित्राकडे कागद कसे मागू?

ताई, नमस्कार.

मी डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. मूळ सांगलीकडचा. २०१९ मध्ये सिटिझन झालो. २०२० च्या जूनमध्ये, कोविडच्या भीतीच्या दिवसांत, दुकानातून नाइन एमएमचं एक पिस्तूल घेतलं. चार-पाच वेळा नेमबाजीच्या रेंजवर गेलो असेन, एरवी ते कपाटातच असतं. मुलगा आता बारा वर्षांचा झाला. बायको म्हणते, घरात नको, काढून टाका.

आमच्या मंडळातला एक मित्र ते घ्यायला तयार आहे. चारशे डॉलर देतो म्हणाला. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, सात वर्षांची ओळख, गणपतीत ढोल आम्ही शेजारीशेजारी वाजवतो. रेंजवरही दोनदा माझ्याबरोबर आला होता, पिस्तूल चालवलं होतं. मार्चपासून त्याची बायको आणि मुलगी साताऱ्याला आहेत. त्याच्या टीममधली निम्मी माणसं काढली. हल्ली फारसा बोलत नाही, झोप लागत नाही म्हणतो. अपार्टमेंटच्या आवारात दोन गाड्यांच्या काचा फुटल्या, म्हणून घरात काहीतरी असावं असं त्याचं म्हणणं.

टेक्सासमध्ये दोन माणसांनी आपापसात विकलं तर बॅकग्राउंड चेक लागत नाही, असं सगळे सांगतात. बायको म्हणते, निदान दुकानात जाऊन रीतसर करा. पण सात वर्षांच्या मित्राला ‘चल, तुझी तपासणी करू’ असं कोणत्या तोंडाने म्हणू? गावाकडे आजोबांची बारा बोअरची बंदूक काकांच्या नावावर करताना कलेक्टर कचेरीत किती खेटे घातले ते मी पाहिलंय. इथे इतकं सोपं असताना उगाच अवघड कशाला करायचं, असंही वाटतं. अगदीच अडचण असेल तर विकत नाही, काही महिने नुसतं त्याच्याकडे ठेवायला देतो. चालेल का?

— एक वाचक, टेक्सास

नमस्कार भाऊ,

आधी उत्तर देते, मग कारणं. हे पिस्तूल या मित्राला विकू नका. ठेवायला देऊ नका, उसनं देऊ नका, भेट म्हणूनही देऊ नका. आणि आज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते, पण तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्या मनात तेच पहिलं आहे.

आता कायदा. ‘सगळे सांगतात’ ते खोटं नाही, पण ते कायद्याचं एकच टोक आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक विकण्याआधी तपासणी करण्याचं बंधन परवानाधारक विक्रेत्यावर आहे. आपल्या कपाटातली एखादी बंदूक विकणाऱ्या साध्या माणसावर ते नाही, आणि टेक्सास राज्यानेही ते घातलेलं नाही. इथवर तुमचे मित्र बरोबर आहेत. पण तपासणी करायची सक्ती नाही याचा अर्थ कोणालाही विकायची मुभा आहे असा होत नाही, आणि पार्किंग लॉटमध्ये चारशे डॉलर मोजताना माणसं नेमकी हीच गोष्ट विसरतात. ज्यांनी बंदूक बाळगायची नाही अशा लोकांची यादीच कायद्यात आहे: गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, घरगुती हिंसाचारात शिक्षा झालेले, न्यायालयाने मानसिक आजारामुळे सक्तीने उपचारांसाठी पाठवलेले, अमली पदार्थांच्या आहारी गेलेले, आणि आणखी काही. अशा माणसाला जाणूनबुजून, किंवा शंका यायला सबळ कारण असताना, बंदूक देणं हा देणाऱ्याचा गुन्हा आहे. देणारा दुकानदार असो की शेजारी. विकली की फुकट दिली, याने काही फरक पडत नाही.

आणि त्या यादीत तुमचा मित्र आहे.

नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर या देशात आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, पर्यटक, सगळे त्यात आले. ग्रीन कार्डधारक त्यात येत नाहीत. १९९७ मध्ये पर्यटक म्हणून आलेल्या एका माणसाने फ्लोरिडात पिस्तूल विकत घेतलं आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर जाऊन लोकांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर, १९९८ मध्ये, ही मनाई कायद्यात आली. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भारतातून किती सोनं आणता येतं यावर रात्र-रात्र चर्चा चालते, पण ज्या एका चुकीने आयुष्य उलटंपालटं होईल तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. असा व्यवहार केला तर २०२२ पासून देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही, जास्तीत जास्त पंधरा वर्षांची कैद होऊ शकते. त्यात तुमच्या मित्राला वेगळा धोका: बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. तो ज्या ग्रीन कार्डची वाट पाहतोय ते तिथेच संपलं.

‘मला माहीत नव्हतं’ असं तुम्हाला आता म्हणता येणार नाही. तो एच-१बीवर आहे हे तुम्हीच पत्रात लिहिलंय.

यात एक सूट आहे, ती लपवत नाही, कारण कोणीतरी तुम्हाला ती सांगेलच. एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असलेल्या व्हिसाधारकाला ही मनाई लागू होत नाही. त्यावरून ‘ऑनलाइन शिकारीचं लायसन्स काढ, झालं काम’ असा सल्ला सर्रास दिला जातो. खरोखर शिकारीचा किंवा नेमबाजीचा छंद असलेल्या माणसाने इमिग्रेशन वकिलाला विचारून, सगळे कागद घेऊन, दुकानातून रीतसर बंदूक घ्यावी. दुकानदार तो परवाना आणि इमिग्रेशनचे तपशील बघतोच. तुमच्या मित्राने उद्या असा परवाना आणून दाखवला तरी माझं उत्तर नाहीच राहील. का, ते पुढे येतंय.

रेंजवर तो दोनदा आला होता, असं तुम्ही सहज लिहून गेलात. हमीद रेहैफ नावाच्या विद्यार्थ्याचा खटला पाहा. संयुक्त अरब अमिरातीचा मुलगा, फ्लोरिडात शिकायला आला. नापास झाला, कॉलेजने काढलं, व्हिसाची स्थिती गेली. तो एका रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला आणि बंदूक बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला चालला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं की, आपण मनाई असलेल्यांपैकी आहोत हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे. पण रेंजवर तासभर हातात धरलेली बंदूकही ‘बाळगणं’ या शब्दात येते, हे त्या खटल्यातून ज्याला-त्याला कळायला हवं होतं. झालं ते झालं. त्याला परत रेंजवर नेऊ नका, आणि काळजी वाटत असेल तर दोघांनी आपापल्या वकिलाशी एकदा बोलून घ्या.

इथपर्यंत तुमच्या मित्राचं झालं. पण तुमचा खरा प्रश्न मला दिसतो तो असा: ओळखीच्या माणसाकडे कागद मागायचे कसे? हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. म्हणून समजा, हाच मित्र सिटिझन असता, तर मी काय सांगितलं असतं तेही लिहिते. सांगितलं असतं की दुकानात जा.

चार वर्षांपूर्वी मी एका काकूंबरोबर गेले होते. काका गेले आणि मागे एक रायफल राहिली. वीस वर्षांपासूनचा शेजारी, चर्चला जाणारा, काकांच्या आजारपणात यांचं अंगणातलं गवत कापून देणारा माणूस, ती घ्यायला तयार होता. काकूंनाही तुमच्यासारखंच झालं होतं. म्हणाल्या, त्याला दुकानात चल म्हणायची मला लाज वाटते. मी म्हटलं, लाज मी घेते, तुम्ही नुसत्या चला. गावाबाहेरचं छोटंसं दुकान, काचेचं काउंटर, वर हिरवी रबराची चटई. दुकानदाराने रायफल केसमधून काढली, बोल्ट मागे ओढला, छोट्या टॉर्चने आत पाहिलं, मग बोटाने चाचपून पाहिलं. गोळी नाही याची खात्री दोनदा केली. मग चष्मा कपाळावर सरकवून रायफलीवरचा नंबर मोठ्याने वाचला, एकेक आकडा, आणि काकूंना म्हणाला, तुमच्या कागदाशी ताडून बघा. तो नंबर त्याने आपल्या वहीत लिहिला.

शेजाऱ्याने फॉर्म भरला. ४४७३ नंबरचा, तुम्ही २०२० मध्ये भरला होता तोच. नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि मग प्रश्न: ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का, कधी शिक्षा झाली आहे का, तुमच्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम आहे का. दुकानदाराने माहिती एफबीआयच्या तपासणी केंद्राकडे पाठवली. हे केंद्र वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला आहे, आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून ते हेच काम करतंय. तिथून तीनपैकी एक उत्तर येतं: पुढे जा, थांबा, नाही. बहुतेक वेळा काही मिनिटांत ‘पुढे जा’ येतं. त्या दिवशी आलं ‘थांबा’.

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. काकू माझा हात दाबून कुजबुजल्या, कशाला आलो आपण! दुकानदाराला मात्र हे रोजचंच होतं. त्याने शांतपणे सांगितलं की, नाव खूप प्रचलित असलं की असं होतं, त्याच नावाचा दुसरा कोणीतरी यादीत असतो, एफबीआय नीट बघून कळवेल. दोन दिवसांनी होकार आला. अशा माणसांना एफबीआयकडे स्वतःहून अर्ज करून एक कायमचा नंबर घेता येतो, म्हणजे पुढच्या वेळी नावाचा घोळ होत नाही. तो अर्जही दुकानदारानेच त्याला समजावून दिला. आजही काकूंच्या अंगणातलं गवत तोच माणूस कापतो.

मी हे इतकं सविस्तर सांगतेय कारण तुम्ही ‘तपासणी’ या शब्दाला घाबरलात. तुम्ही स्वतः त्यातून गेला आहात, भाऊ. २०२० मध्ये अशा सुमारे ३ कोटी ९७ लाख तपासण्या झाल्या, त्यातली एक तुमची. त्या दुकानदाराने तुमच्याकडे लायसन्स मागितलं तेव्हा तुम्हाला अपमान वाटला होता का? मंजूर झालेल्या तपासणीची नोंद एफबीआयला चोवीस तासांत पुसावी लागते, त्यामुळे ‘सरकार यादी बनवतंय’ ही भीतीही मित्राला दाखवायचं कारण नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. खासगी माणसाला मनात असूनही ही तपासणी स्वतः करता येत नाही. एफबीआयची ही यंत्रणा फक्त परवानाधारक विक्रेत्यांसाठी उघडी आहे. म्हणून समोरचा माणूस कितीही भला दिसला तरी ‘मी बघून घेतलं’ याला अर्थ नसतो. तुम्ही फक्त त्याचा चेहरा बघितलेला असतो.

चेहरा बघून विकण्याचं काय होतं, ते तुमच्याच राज्यात घडलंय. ओडेसा आणि मिडलंड, पश्चिम टेक्सासमधली तेलाची गावं. ३१ ऑगस्ट २०१९, शनिवार. पोलिसांनी एक गाडी थांबवली, तर आतल्या माणसाने रायफलीने गोळ्या झाडायला सुरुवात केली आणि गावभर गाडी फिरवत झाडत राहिला. टपाल वाटणाऱ्या एका तरुणीला मारून तिची टपालगाडी पळवली. सात माणसं गेली. सतरा महिन्यांच्या एका बाळाच्या तोंडात गोळीचे तुकडे घुसले. हाच माणूस २०१४ मध्ये बंदूक घ्यायला दुकानात गेला होता, आणि तपासणीने त्याला नाही म्हटलं होतं. यंत्रणेने तिचं काम चोख केलं होतं. पण २०१६ मध्ये त्याने एका खासगी माणसाकडून रायफल घेतली. तिथे कोणी काही विचारलं नाही. तो विकणारा परवान्याशिवाय बंदुकांचा धंदाच करत होता असं पुढे निघालं, आणि त्याला दोन वर्षांची कैद झाली. तुम्ही तसे नाही, तुमच्याकडे एकच पिस्तूल आहे. पण दुकानाने नाही म्हटलेली माणसं पुढे कोणाकडे जातात, याचा विचार करा. ती तुमच्या-माझ्यासारख्याच्या दारात येतात.

या प्रकारानंतरही टेक्सासने खासगी विक्रीला हात लावला नाही. मला हे पटत नाही आणि मी ते स्पष्टच म्हणते. कॅलिफोर्नियात १९९१ पासून आपापसातली विक्रीही दुकानदारामार्फत करावी लागते. कोलोरॅडो आणि न्यूयॉर्कने २०१३ मध्ये तसे कायदे केले. वॉशिंग्टन राज्यात २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून तो आणला. व्हर्जिनियाने २०२० मध्ये केला. त्या राज्यांतले माझे वाचक अजूनही शिकारीला जातात, रेंजवर जातात. कोणाची बंदूक कोणी काढून घेतलेली नाही.

तपासणी म्हणजे सगळं काही, असंही मी म्हणणार नाही. ती तिच्यात भरलेल्या नोंदींइतकीच चांगली असते. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये बत्तीस जण मारले गेले, त्यात मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी होती. मारेकऱ्याला न्यायालयाने मानसोपचाराचा आदेश दिलेला होता, पण ती नोंद यंत्रणेपर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून तो तपासणीत पास झाला. २०१७ मध्ये तुमच्याच राज्यातल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्येही तसंच झालं. हवाई दलाने आपल्या माजी सैनिकाची शिक्षा कळवलीच नव्हती, आणि सव्वीस जणांचा जीव गेला. कोणी कळवलं नाही तर यंत्रणा आंधळी. म्हणून मी म्हणते की तपासणी आणि विकणाऱ्याचे डोळे, दोन्ही लागतात.

आजोबांच्या बारा बोअरबद्दल. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवानाधारक माणसाला स्वतःची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते, पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून किमान पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. काकांच्या चपला झिजल्या ते खरं. पण तिथे कचेरी विचारते ते इथे कोणीच विचारत नाही, म्हणून ते विचारण्याचं काम तुमच्यावर येतं. ‘इतकं सोपं’ म्हणालात, ते मला सोपं वाटत नाही.

आणि उद्या काही झालं तर पोलीस पहिले तुमच्याच दारात येतील. या देशात बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंदवही नाही. १९८६ च्या कायद्याने तशी ठेवायलाच मनाई आहे. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली की तिचा नंबर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला, केंद्रीय शोध विभागाकडे जातो. तिथून बनवणारी कंपनी, मग घाऊक व्यापारी, मग दुकान, आणि दुकानाच्या कागदांत पहिला ग्राहक: तुम्ही. माग तिथेच थांबतो, पुढची साखळी फक्त तुमच्या तोंडी. दुकानामार्फत विकलं तर पुढचा कागद दुकानात असतो.

तेव्हा पिस्तुलाचं असं करा. सरळ एखाद्या परवानाधारक दुकानालाच विकून टाका. शंभर-दीडशे डॉलर कमी मिळतील, मिळू देत. आधी फोन करा. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे ना ते पाहा, पिस्तूल केसमध्ये बंद करा, गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवा, मग निघा. दुकानात शिरताना हातात उघडं पिस्तूल नको, केस काउंटरवर ठेवा आणि ती त्यांनाच उघडू द्या. पावतीवर नंबर आणि तारीख लिहून घ्या आणि ती कायम जपून ठेवा. पुढेमागे ओळखीच्या, पात्र माणसालाच द्यायचं ठरवलंत तर दोघांनी मिळून जा. दुकानदार थोडी फी घेईल. उत्तर येईपर्यंत तुम्ही दुकानातून हलू नका: बंदूक त्याच्या ताब्यात ठेवून निघून गेलात आणि घेणाऱ्याला नकार आला, तर ती परत घेताना तुमचीही तपासणी होते. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला तर दुकानदाराशिवाय विकताच येत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

आणि ते घरातून जाईपर्यंत कुलपात ठेवा. कपाटात साड्यांखाली म्हणजे कुलपात नव्हे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवा. बारा वर्षांच्या मुलाला घरातली प्रत्येक लपवायची जागा माहीत असते. वहिनी बरोबर बोलताहेत. त्यांचं ऐकलंत, हे चांगलं केलंत.

आता मित्राबद्दल.

तुमच्या पत्रातली चार वाक्यं मी पुन्हा-पुन्हा वाचली. बायको-मुलगी लांब. निम्मी टीम गेली. झोप नाही. बोलत नाही. आणि आता घरात पिस्तूल हवंय. तो म्हणतो तसं कारण गाड्यांच्या काचाच असेल. पण अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्या जिवांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात, आणि ते दर वर्षी तसेच असतात. कोणत्याही फॉर्मवर ‘रात्री झोप लागते का’ असा प्रश्न नसतो. क्लार्क्सबर्गच्या कॉम्प्युटरला तुमच्या मित्राची रात्र दिसत नाही. तुम्हाला दिसली, म्हणून तुम्ही ती लिहिलीत. वाईट काळ पुष्कळदा निघून जातो, पण त्या काळात घरात बंदूक असली तर सावरायला वेळच मिळत नाही.

एच-१बीवर नोकरी गेली तर साधारण साठ दिवस हातात असतात. त्या साठ दिवसांचं गणित डोक्यात घेऊन माणूस रात्री छताकडे बघत पडतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगावं लागत नाही. वर आपली पुरुषमंडळी घरी फोन करून ‘सगळं मजेत’ म्हणतात. साताऱ्यात त्याच्या बायकोला यातलं किती माहीत असेल, कोण जाणे.

त्याला काय सांगायचं ते असं. फिरवून बोलू नका. ‘अरे, मी कायदा पाहिला. व्हिसावर असताना तुला पिस्तूल घेता येत नाही आणि मला देता येत नाही. मी आधी विचारायला हवं होतं, चूक माझी.’ एवढंच. यात त्याचा अपमान नाही, त्याच्यावर शंका नाही, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. सुरक्षितता हवी असेल तर दाराला चांगलं कुलूप आणि कॅमेरा लावायला शनिवारी मदतीला जा. काचा फुटल्याची तक्रार अपार्टमेंटच्या ऑफिसकडे आणि पोलिसांकडे दोघांनी मिळून करा.

मग बसा त्याच्याजवळ. घरून डबा न्या, तिथेच दोघं जेवा. आणि जेवण झाल्यावर सरळ विचारा: ‘जीव नकोसा झालाय असं वाटतं का कधी?’ विचारल्याने ते डोक्यात भरवलं जात नाही. ही भीती काढून टाका. उलट कोणी तरी विचारलं म्हणून माणसाला बोलता येतं. तो ‘हो’ म्हणाला, किंवा नुसता गप्प राहून खाली बघायला लागला, तर त्याला एकटं सोडू नका. तिथूनच ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनवर फोन लावा किंवा मेसेज करा. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. जीव जायची वेळ आली असं वाटलं तर ९११. रात्री त्याला तुमच्या घरी आणा, पण त्याआधी पिस्तूल घराबाहेर गेलेलं असू द्या. हे मी फार गंभीरपणे सांगतेय. दुकान उद्या उघडणार असेल तर आजची रात्र तुम्ही त्याच्या घरी झोपा.

तो ‘नाही, तसं काही नाही’ म्हणाला तरी आठवड्यातून दोनदा चक्कर मारा. डॉक्टरकडे झोपेचं निमित्त करून घेऊन जा. बायकोला फोन लावायला सांगा, खरं काय ते बोलायला सांगा. सुट्टी असेल तर तिकीट काढून द्या आणि एकदा साताऱ्याला जाऊन ये म्हणा. परत येताना व्हिसाचा शिक्का लागणार असेल तर आधी वकिलाला विचारून. ढोलाचा सराव कधी सुरू होतो तुमच्याकडे? या वेळी लवकर सुरू करा.

त्याला भेटून आलात की मला दोन ओळी लिहा. मी वाट पाहते.

— ताई